जुन्या पॅरिसच्या रस्त्याचा फोटो: साल, ऋतू आणि गल्ली कशी ओळखायची

पॅरिसच्या रस्त्यांचे जुने कृष्णधवल फोटो सगळीकडे भेटतात: अल्बमांत, जुन्या बाजारात, संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर. मागे काही लिहिलेलं नसतं, किंवा फार तर 'सुमारे १९५५' असं असतं, आणि ते 'सुमारे' पाच-सात वर्षांनी सहज चुकलेलं असतं. खरं तर दुसऱ्या महायुद्धाचा शेवट ते १९७५ या काळात पॅरिसचा रस्ता सतत बदलत होता. गाड्या, पाट्या, किमती, टेलिफोन नंबर, भिंतींचा रंग, सगळंच. त्यामुळे नीट पाहिलं तर बऱ्याच फोटोंचं साल दोन-चार वर्षांच्या आत आणता येतं. कधी कधी महिना आणि वेळही सापडते.

सुरुवातीलाच एक नियम पक्का करायचा. भरवसा रस्त्यावरच्या सर्वांत नव्या वस्तूवर ठेवायचा, जुन्या वस्तूवर नाही. १९३८ सालची मोटार १९५८ सालीही आरामात धावत असते, पण ऑक्टोबर १९५५मध्ये लोकांनी पहिल्यांदा पाहिलेली मोटार १९५४च्या फोटोत असूच शकत नाही. म्हणून कागदाचे दोन भाग करा. डावीकडे लिहा 'याआधीचा नाही', उजवीकडे 'यानंतरचा नाही'. प्रत्येक खूण यांपैकी एकाच रकान्यात जाते. डावा रकाना लवकर भरतो. उजवा भरायला कष्ट पडतात, कारण एखादी वस्तू रस्त्यावरून पूर्ण नाहीशी झाली असं ठामपणे सांगता येईल अशा तारखा थोड्याच आहेत.

स्कॅन आणि उलटा फोटो

कागदी प्रिंट ६०० डीपीआयवर स्कॅन करा, ३५ मिमी निगेटिव्ह २४०० ते ३२०० डीपीआयवर. मासिकात छापलेला फोटो असेल तर याहून जास्त रेझोल्युशनचा उपयोग नाही, फक्त छपाईचे ठिपके मोठे होतात. मग चित्राचे चौकोन पाडून एकेक चौकोन तपासा. मधला माणूस किंवा प्रसिद्ध इमारत आपली नजर खेचून घेते आणि कामाच्या खुणा नेमक्या कडेला राहतात: अर्धी कापली गेलेली मोटार, दुकानाच्या काचेतली पाटी, दूरच्या छपरांची रेषा.

निगेटिव्ह किंवा स्लाइड उलट्या बाजूने स्कॅन झालेली असण्याची शक्यता बरीच असते. एखादं अक्षर सापडलं तर प्रश्न तिथेच मिटतो. अक्षर नसेल तर पुरुषांच्या कोटाची बटणं पाहा, ती घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला हवीत. वाहनंही रस्त्याच्या उजवीकडून चाललेली हवीत. स्टिअरिंगवर मात्र विसंबू नका. काही महागड्या फ्रेंच मोटारींचं स्टिअरिंग १९५०च्या सुमारासही उजवीकडेच असे. ही तपासणी टाळली तर घर क्रमांक आणि सावल्या यांवरून काढलेलं पुढचं सगळं उलटं निघतं.

मोटारी

सर्वांत जास्त माहिती इथेच मिळते, म्हणून घाई करू नका. आधी दिसणाऱ्या सगळ्या मोटारी मोजा आणि त्यांतली सर्वांत नवी शोधा.

ढोबळ वर्षं अशी: सित्रोएनची काळी, लांब नाकाची त्राक्सिओं १९३४ ते १९५७. रनोची छोटी गोलसर ४सीव्ही १९४७पासून १९६१पर्यंत. पेजो २०३ १९४८ला आली. सित्रोएन २सीव्ही ऑक्टोबर १९४८च्या मोटार प्रदर्शनात मांडली गेली आणि विक्री पुढच्या वर्षी सुरू झाली. पेजो ४०३ १९५५ची. सित्रोएन डीएस ऑक्टोबर १९५५ची. रनो दोफीन १९५६ची, पेजो ४०४ १९६०ची, रनो ४ १९६१च्या शरदातली, रनो १६ १९६५ची, पेजो ५०४ १९६८ची आणि रनो ५ १९७२ची. हँडलजवळ पुढच्या चाकावर इंजिन बसवलेली काळी सायकल दिसली तर ती बहुधा व्हेलोसोलेक्स, म्हणजे १९४६च्या आधीचा फोटो नाही.

पण खरी मजा एकाच मॉडेलमध्ये झालेल्या बदलांत आहे. काही बदल लांबूनही दिसतात:

त्राक्सिओंची डिकी. जुलै १९५२पर्यंत मागची बाजू सपाट उतरती, आणि तिच्यावर स्टेपनीचा गोल. त्यानंतर डिकी फुगीर झाली आणि स्टेपनी आत गेली.

४सीव्हीचं नाक. सहा आडव्या चकचकीत पट्ट्या असतील तर गाडी १९५३पर्यंतची, तीन असतील तर १९५४पासूनची.

२सीव्हीचं बॉनेट आणि दारं. पन्हळी पत्र्यासारख्या बारीक नाळ्या डिसेंबर १९६०पर्यंत. नंतर मोजक्या रुंद रेषा. पुढची दारं मागच्या बाजूला बिजागरी असलेली, म्हणजे उलटी उघडणारी, डिसेंबर १९६४पर्यंत. मागच्या दारामागे तिसरी छोटी काच दिसली तर गाडी सप्टेंबर १९६५नंतरची.

डीएसचे दिवे. सप्टेंबर १९६७पासून दोन्ही बाजूंचे जोडदिवे काचेच्या एकाच आवरणाखाली गेले. उघडा गोल दिवा म्हणजे त्याआधीची गाडी.

सित्रोएनची पन्हळी पत्र्याची एच व्हॅन. ही बाजारातल्या प्रत्येक फोटोत असते आणि १९४७ ते १९८१ बनत राहिली, त्यामुळे तिचं नुसतं असणं फारसं सांगत नाही. पुढची काच मध्ये दांडी असलेली दुभागलेली आहे की सलग, ते पाहा. सलग काच १९६४पासून.

या सगळ्या खुणा डाव्या रकान्यात जातात. जुन्या धर्तीची २सीव्ही दिसली म्हणून फोटो १९६०च्या आधीचा ठरत नाही. गाडी १९५९ची असेल आणि फोटो १९६६चा. बहुतेक चुका इथेच होतात.

उजव्या रकान्यासाठी एक कमकुवत पण उपयोगी युक्ती आहे: काय नाही ते पाहा. रनो ४ इतकी खपली की दोन-तीन वर्षांत ती प्रत्येक रस्त्यावर दिसू लागली. तीसेक मोटारी स्पष्ट दिसतात आणि त्यांत एकही रनो ४ नाही, तर फोटो १९६३च्या पुढचा असण्याची शक्यता कमी. चार-पाचच मोटारी असतील तर मात्र या युक्तीला काही अर्थ नाही.

सगळ्या मोटारी एकाच सालच्या, सगळ्या चकचकीत, आणि खरचटलेलं मडगार्ड कुठेच नाही असं दिसलं तर सावध व्हा. खऱ्या रस्त्यावर दहा-पंधरा वर्षांच्या जुन्या गाड्या असतातच. तुमच्या हातात बहुधा चित्रीकरणाचा किंवा हौशी मोटारमालकांच्या मेळाव्याचा फोटो आहे.

नंबर प्लेट

१९५०पासून फ्रान्समध्ये क्रमांकाची मांडणी अशी: आधी आकडे, मग अक्षर किंवा अक्षरं, शेवटी विभागाचा (देपार्तमाँ, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग) दोन आकडी क्रमांक. त्याआधीच्या मांडणीत शेवटी विभागाचा आकडा नसे. मधली दोन अक्षरं विभाग सांगत आणि पॅरिस ज्या सेन विभागात होतं त्याची अक्षरं 'आर'ने सुरू होत. नवी मांडणी दिसली की डाव्या रकान्यात १९५० लिहा. जुनी दिसली तर फक्त गाडीची नोंदणी जुनी आहे एवढंच.

शेवटी ७५ दिसलं म्हणून गाडी पॅरिस शहरातलीच असं मानू नका. १ जानेवारी १९६८पर्यंत ७५ हा संपूर्ण सेन विभागाचा क्रमांक होता आणि त्यात भोवतालची बरीच उपनगरं येत. त्या दिवशी विभागाचे तुकडे झाले आणि उपनगरांना ९२, ९३, ९४ मिळाले. म्हणून ९२ किंवा ९३ म्हणजे १९६८नंतरचा फोटो, असा नियम बरेच जण लावतात. त्यात एक खड्डा आहे. अल्जेरिया फ्रेंच अमलाखाली असताना ९१, ९२, ९३ हे अनुक्रमे अल्जियर्स, ओरान आणि कॉन्स्टंटाइन यांचे आकडे होते. १९५०च्या दशकात समुद्र ओलांडून आलेली एखादी गाडी तुम्हाला दहा-पंधरा वर्षं पुढे नेईल. असे क्रमांक निदान दोन-तीन गाड्यांवर दिसल्याशिवाय १९६८ लिहू नका.

किमती आणि टेलिफोन

फळभाजीची हातगाडी किंवा बाजारातला गाळा फोटोत असेल तर आधी मालात खोचलेल्या किमतीच्या पाट्या वाचा. १ जानेवारी १९६०ला नवा फ्रँक आला आणि १०० जुन्या फ्रँकचा १ नवा फ्रँक झाला. म्हणजे १२० फ्रँकला मिळणारी वस्तू रातोरात १,२० फ्रँकची झाली. फ्रेंच पद्धतीत दशांशाच्या जागी स्वल्पविराम लिहितात, आणि तोच इथे शोधायचा. पाटीवर 'एनएफ' ('नवा फ्रँक'ची फ्रेंच आद्याक्षरं) असतील तर तो संक्रमणाचा काळ, कारण १ जानेवारी १९६३पासून चलनाचं नाव पुन्हा नुसतं 'फ्रँक' झालं. पाट्या रोज खडूने लिहिल्या जात, त्यामुळे मोटारींपेक्षा हा पुरावा कितीतरी ताजा असतो. तरी लोक बोलताना जुन्याच फ्रँकमध्ये मोजत राहिले, आणि काही विक्रेते दोन्ही आकडे लिहीत. दोन्ही आकडे एकत्र दिसले तर डाव्या रकान्यात १९६० लिहा आणि पुढे चला.

दुकानाच्या पाटीवरचा टेलिफोन नंबर दोन प्रश्नांची उत्तरं देतो. ऑक्टोबर १९६३पर्यंत पॅरिसचा नंबर तीन अक्षरं आणि चार आकडे असा असे. अक्षरं टेलिफोन केंद्राच्या नावाची: ओदेओं, दांतों, गोब्लँ, मेनिलमोंतां, पासी, ओतेय. म्हणजे अक्षरांवरून वस्तीच कळते. ओदेओं आणि दांतों ही सेन नदीच्या डाव्या काठावरच्या लॅटिन क्वार्टरच्या भागातली, पासी आणि ओतेय पश्चिमेच्या श्रीमंत वस्तीतली, मेनिलमोंतां ईशान्येकडच्या कामगार वस्तीतलं. त्यानंतर अक्षरांच्या जागी डायलवरचे आकडे आले: ओदेओंचे ०३३, दांतोंचे ३२६. ऑक्टोबर १९८५मध्ये पॅरिसच्या नंबरांपुढे एक ४ लागून ते आठ आकडी झाले. सात आकडी नंबर हा पक्का पुरावा, फोटो १९६३च्या ऑक्टोबरआधीचा नाही. अक्षरांचा नंबर तेवढा पक्का नाही, कारण दुकानदार पाटी लगेच रंगवून घेत नाही. अक्षरांचे नंबर कितीतरी वर्षं भिंतींवर तसेच राहिले. वस्ती ओळखायला मात्र ते बिनधास्त वापरा.

वाहतूक, पोलीस, टपाल

बसच्या मागे उघडा ओटा, आणि त्यावर उभे प्रवासी: ही बस १९७१च्या सुरुवातीला रस्त्यावरून गेली. उजव्या रकान्यात लिहिता येतील अशा थोड्या पक्क्या तारखांपैकी ही एक, म्हणून ती बस नेहमी शोधावी. बाजूवर आरएटीपी (पॅरिसची सार्वजनिक वाहतूक संस्था) ही अक्षरं असतील तर फोटो १९४९च्या आधीचा नाही. शहरातली शेवटची ट्राम १९३७च्या मार्चमध्ये धावली. धावती ट्राम दिसली तर आपण ज्या काळाबद्दल बोलतोय त्याच्याही मागे जावं लागेल. नुसत्या रुळांवरून काही ठरत नाही.

पार्किंगच्या निळ्या क्षेत्राच्या (जिथे ठरावीक वेळच गाडी उभी करता येते) पाट्या १९५७पासून, फुटपाथावरचे पार्किंग मीटर १९७१पासून. रस्त्याच्या कडेला बससाठी राखलेली पट्टी १९६४पासून पुढे हळूहळू वाढत गेली. फोटो रंगीत असेल तर टपालपेटी पाहा, १९६२पासून ती पिवळी झाली, आधी निळी असे. रंगीत फोटोत मोटारींचे पिवळे दिवे पाहून हुरळून जाऊ नका. फ्रान्समध्ये ते युद्धापूर्वीपासून १९९३पर्यंत सक्तीचे होते. पोलिसाची गोल ताठ केपी टोपी, पांढरा दंडुका, रस्त्यावरच्या लोखंडी मुताऱ्या, जाहिरातींचे मॉरिस स्तंभ, पिण्याच्या पाण्याची वॉलेस कारंजी हे सगळं फोटोला पॅरिसचा चेहरा देतं, पण ते इतकी वर्षं टिकलं की साल ठरवायला त्याचा उपयोग नाही.

भिंतीचा रंग आणि छपरांची रेषा

१९५०च्या दशकातलं पॅरिस काळं होतं. कोळशाच्या धुरातलं गंधक चुनखडीच्या दगडावर बसून काजळीची कवची धरत असे. सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांच्या काळात, १९५९पासून पुढे, इमारतींचे दर्शनी भाग धुण्याचा जुना कायदा सक्तीने राबवला गेला आणि १९६०च्या दशकात शहर फिकट पिवळं, जवळजवळ पांढरं दिसू लागलं. कृष्णधवल फोटोत अडचण ही की गडद प्रिंटमध्ये धुतलेली भिंतही काळी दिसते. म्हणून एकूण छटा पाहू नका, एकाच भिंतीवरचा फरक पाहा. न धुतलेल्या भिंतीवर पावसाचा मारा लागणारा भाग फिकट असतो आणि सज्जा व कोरीवकामाखालचा आडोशाचा भाग काळाकुट्ट. धुतलेली भिंत वर-खाली एकसारखी दिसते. एका ओळीत एक घर काळं आणि शेजारचं पांढरं असेल तर ते बहुधा साठचं दशक.

छपरांमागे काय उभं आहे तेही पाहा. आयफेल टॉवरच्या टोकावरचा टीव्हीचा उंच अँटेना १९५७चा. सेनकाठची गोल रेडिओ इमारत १९६३ची. मोंपार्नासचा गडद मनोरा १९६९पासून वर चढत गेला आणि १९७३मध्ये पूर्ण झाला. शहराच्या मध्यातला ले आलचा घाऊक बाजार १९६९च्या मार्चमध्ये रुंजी या उपनगरात हलला. त्याचे लोखंडी मंडप १९७१पासून पाडले गेले. मंडपाखाली भाजीचे ढीग असतील तर उजव्या रकान्यात १९६९ निर्धास्त लिहा.

कागद: वर्तमानपत्रं आणि भित्तिपत्रकं

किओस्कवरचा मथळा वाचता आला तर तारीखच हाती लागते. दोन गोष्टी लक्षात असू द्या. 'ल मोंद' पॅरिसमध्ये दुपारी निघतो आणि त्यावर दुसऱ्या दिवशीची तारीख असते, म्हणजे एका दिवसाची चूक ठरलेली. साप्ताहिक आठवडाभर टांगलेलं असतं. भित्तिपत्रकं तर महिनोन्महिने निघत नाहीत, म्हणून तीही डाव्या रकान्यातच. त्यांत निवडणुकांची पत्रकं सर्वांत सोयीची: या काळातल्या थेट मतदानाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीच्या दोन फेऱ्या ५ आणि १९ डिसेंबर १९६५ला झाल्या, नंतरच्या १ आणि १५ जून १९६९, मग ५ आणि १९ मे १९७४. कागद ताठ, कोपरे चिकटलेले असतील तर दिवस जवळचा. फाटलेला, अर्धा दुसऱ्या कागदाखाली गेलेला असेल तर काही आठवडे पुढे धरा. भिंतीवर खडूने किंवा डांबराने लिहिलेलं 'ओएएस' (अल्जेरिया फ्रेंचच राहावा म्हणून लढणारी गुप्त सशस्त्र संघटना) दिसलं तर १९६१ किंवा त्यानंतरचा फोटो.

गल्ली, दिशा, वेळ

रस्त्याच्या नावाची निळी एनॅमलची पाटी दिसली तर बहुतेकदा वरच्या बाजूला आराँदिस्माँचा, म्हणजे शहराच्या वीस विभागांपैकी एकाचा आकडा असतो. पाटी नसेल तर घर क्रमांक शोधा. पॅरिसचे क्रमांक १८०५पासून एका नियमाने चालतात. सेन नदीपासून दूर जाणाऱ्या रस्त्याचे क्रमांक नदीकडून सुरू होतात. नदीला समांतर रस्त्याचे प्रवाहाच्या दिशेने, साधारण पूर्वेकडून पश्चिमेकडे, वाढतात. वाढत्या क्रमांकाकडे तोंड केलं की सम क्रमांक उजव्या हाताला, विषम डाव्या हाताला. एकाच बाजूचे दोन क्रमांक वाचता आले की छायाचित्रकार कुठे तोंड करून उभा होता ते कळतं. नदीच्या उजव्या काठावर, नदीपासून निघणाऱ्या रस्त्यावर वाढते क्रमांक ढोबळमानाने उत्तरेकडे जातात, डाव्या काठावर दक्षिणेकडे.

दिशा कळली की सावली मोजा. पॅरिस उत्तर अक्षांश ४९च्या जवळ आहे. भर दुपारी माणसाची सावली २१ जूनच्या सुमारास त्याच्या उंचीच्या निम्मी असते, मार्च आणि सप्टेंबरच्या अखेरीस उंचीपेक्षा किंचित जास्त, आणि २१ डिसेंबरच्या सुमारास उंचीच्या तिपटीहून थोडी जास्त. सावली बरोबर उत्तरेकडे पडते ती घड्याळात बाराला नव्हे. १९४६ ते १९७५ या वर्षांत फ्रान्सचं घड्याळ ग्रीनिचच्या एक तास पुढे असे, त्यामुळे पॅरिसची खरी दुपार पाऊणच्या पुढे-मागे होई. फोटोत घड्याळ असेल तर हा हिशोब जमवून पाहा. १९७६पासून उन्हाळी वेळ आली, मग उन्हाळ्यात त्यात आणखी एक तास घाला.

ऋतूसाठी झाडं: रस्त्याकडेच्या प्लेनवृक्षांना एप्रिल अखेरीस पालवी येते आणि नोव्हेंबरात ती गळते. लोक कोपऱ्याकोपऱ्यावर मुगे नावाच्या छोट्या पांढऱ्या फुलांच्या जुड्या विकत असतील तर १ मे. शाळेच्या वयाची मुलं कामाच्या दिवशी भर सकाळी रस्त्यावर खेळत असतील तर तो बहुधा गुरुवार, कारण १९७२पर्यंत शाळेची आठवड्यातली सुट्टी गुरुवारी असे. त्या वर्षीच्या शरदापासून ती बुधवारी गेली.

नोंद कशी करायची

समजा, फोटोत एक रनो ४ आहे, टोमॅटोवर १,८० लिहिलंय, मागून उघड्या ओट्याची बस जातेय, भिंती अजून काळ्या आहेत, सावल्या उंचीच्या निम्म्याहून थोड्या मोठ्या आहेत. डाव्या रकान्यात १९६१चा शरद, उजव्यात १९७१ची सुरुवात. काळ्या भिंती आणि एकही काचबंद दिव्यांची डीएस नसणं हे दोन्ही पहिल्या अर्ध्याकडे झुकतात, पण त्यांना तारीख म्हणायचं नाही. नोंद अशी लिहा: '१९६१ शरद ते १९७१ जानेवारी, बहुधा १९६२ ते १९६६, मे ते ऑगस्ट'. ठाम आणि बहुधा या दोन गोष्टी एका वाक्यात मिसळू नका. पुढच्या माणसाला एखादी नवी खूण सापडली की त्याला नेमकं काय बदलायचं ते कळलं पाहिजे.

प्रत्येक खुणेपुढे ती फोटोत कुठे आहे ते लिहा: 'डावीकडे खाली, दुसरी गाडी, बॉनेट'. प्रिंटच्या मागे लिहायचं तर मऊ २बी पेन्सिलने, काठावर, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई कालांतराने आरपार येते.